मुंबईचे रक्त : एका रुग्णवृत्तांताचा इतिहास

वैद्यकाच्या नियतकालिकांत 'केस रिपोर्ट' नावाचा एक लेखनप्रकार असतो. मराठीत त्याला रुग्णवृत्तांत म्हणण्यास हरकत नसावी. एक माणूस, त्याची एक विलक्षण अवस्था, ती पाहणारा एखादा वैद्य आणि दीड-दोन पाने मजकूर, एवढेच त्याचे भांडवल. शेकडो रुग्णांची कोष्टके त्यात नसतात, टक्केवारी नसते. पुराव्यांची उतरंड लावणारे शास्त्रज्ञ त्याला अगदी तळाशी बसवतात. 'असे एक आमच्या पाहण्यात आले' यापलीकडे तो काही सांगत नाही, आणि सांगण्याचा आवही आणत नाही.

आम्ही वैद्यकातले नव्हे. मराठीचे अध्यापन हा आमचा व्यवसाय. परंतु जुने गद्य शिकवताना करीने, कैफियती, महजर यांच्याशी रोजचा संबंध येतो. वतनाच्या तंट्यात एखादा पाटील वा कुलकर्णी आपल्या घराण्याची हकिकत पंचांपुढे मांडतो, तो करीना. त्यालाही एकाच घराची गोष्ट सांगायची असते, पण त्या गोष्टीच्या कडेकडेने गावचा रिवाज, नाते, दुष्काळ, देणी असे सगळे आपोआप नोंदले जाते. रुग्णवृत्तांताचेही तसेच आहे. लिहिणाऱ्याचे लक्ष व्याधीवर असते आणि त्याच्या नकळत एक समाज कागदावर उतरतो. साहित्याच्या अभ्यासकांनी या प्रकाराकडे फारसे पाहिलेले नाही. आम्ही ज्या वृत्तांताविषयी लिहिणार आहोत तो १९५२ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. त्याची लांबी दोन पाने आणि त्याचे जन्मस्थान परळचे केईएम रुग्णालय. पण तिथे पोहोचण्याआधी एका जुन्या वृत्तांताकडे जाणे भाग आहे, कारण त्याच्या शेजारी ठेवल्याशिवाय १९५२च्या मजकुराचे वेगळेपण दिसत नाही.

हा जुना वृत्तांत पुण्याचा. लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझीन'च्या ऑक्टोबर १७९४च्या अंकात 'बी. एल.' अशा आद्याक्षरांनी सही केलेले एक पत्र छापून आले. इंग्रजी फौजेत बैल हाकणारा, शेतकरी जातीचा एक मराठा १७९२च्या लढाईच्या काळात टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. पुढे तो कंपनीचा पेन्शनर झाला. साधारण वर्षभर बिननाकाने काढल्यावर पुण्याजवळ, वीट पाडणाऱ्या जातीच्या एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या मुंबई इलाख्यातील दोन डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिली होती.

कृतीचे वर्णन मोठे नेमके आहे. नाकाच्या खुंटावर मेणाचा पातळ पत्रा बसवून आकार घ्यायचा, तो सपाट करून कपाळावर ठेवायचा, त्याच्या कडेने रेघ ओढायची आणि तेवढी कातडी सोडवून खाली वळवायची. मात्र दोन डोळ्यांच्या मधली चिंचोळी पट्टी कापायची नाही, कारण नवे नाक रुजेपर्यंत त्याला रक्त पुरवणारी तीच एक वाट. वरून पाण्यात भिजवून मऊ केलेल्या काताच्या कापडी पट्ट्या एकावर एक, पाच-सहा. चार दिवस दुसरे काही नाही. मग तुपात भिजवलेले कापड. मधली पट्टी तोडायची ती सुमारे पंचविसाव्या दिवशी. हे वाचून लंडनमधील जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ साली अशीच शस्त्रक्रिया केली आणि १८१६ साली त्यावर पुस्तक लिहिले. युरोपातील आधुनिक नासिकाशल्याचा इतिहास येथून सांगितला जातो.

या प्रसंगावर आपल्याकडे अभिमानाने पुष्कळ बोलले गेले आहे आणि बोलताना सुश्रुताचे नाव घेतले जाते. येथे थोडे सावध राहावे. सुश्रुतसंहितेत नाकासाठी गालाची कातडी घ्यायला सांगितली आहे आणि मापासाठी झाडाचे पान. पुण्याच्या कारागिराने कपाळ आणि मेण वापरले. परंपरा एक असेल, पण मधल्या शतकांत कोणीतरी तिच्यात हात घातलेला आहे, आणि त्या हाताचा ग्रंथ नाही.

आमचे लक्ष मात्र नावांवर आहे. पत्रात रुग्णाला नाव आहे. इंग्रजी लिपीत ते 'कावसजी' असे वाचले जाते. मराठा शेतकऱ्याचे नाव पारशी वळणाचे कसे, हा प्रश्न पडतो. आमचा तर्क असा की मूळ नाव 'कावजी' असावे, कारण ते मराठी मुलुखात जुने आहे, आणि साहेबाच्या कानाला मुंबईतल्या कावसजींची सवय होती. असो. रुग्णाला नाव आहे, पाहणाऱ्या दोन डॉक्टरांना नाव आहे, पत्रलेखकालाही निदान आद्याक्षरे आहेत. ज्याने नाक केले त्याला तेवढी जात आहे. पुढे कोणी त्याला कुंभार केले, कोणी वैदू. नाव कोणालाच देता आले नाही.

एकोणिसाव्या शतकात ही नोंद ठेवण्याची रीत मुंबईत संस्थेच्या रूपाने रुजली. मेडिकल अँड फिजिकल सोसायटीचे इतिवृत्त १८३८पासून छापले जाऊ लागले, १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. याच इतिवृत्तात १८६० साली हेन्री व्हँडाइक कार्टर यांनी पाय सुजवून पोखरून काढणाऱ्या, बुरशीने होणाऱ्या एका व्याधीचे वर्णन केले आणि तिला 'मायसेटोमा' हे नाव दिले. 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी' या प्रसिद्ध ग्रंथातील चित्रे काढणारे कार्टर ते हेच. पुढे ते साताऱ्यास सिव्हिल सर्जन होते. अनवाणी शेतात राबणाऱ्याच्या पायात काटा मोडतो आणि वर्षांनंतर तो पाय कापावा लागतो, ही दख्खनच्या शेतकऱ्याची गोष्ट वैद्यकाच्या भाषेत अशी पोहोचली. कार्टर यांच्यावर स्वतंत्र लेख व्हायला हवा. येथे एवढेच पुरे.

आता परळ. सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि केईएम रुग्णालय १९२६ साली सुरू झाले तेव्हा देणगीदारांच्या विश्वस्तांची एक अट होती, येथील अध्यापकवर्ग भारतीयच असावा. इंग्रज अधिकाऱ्यांच्या वैद्यकसेवेला दिलेले ते उत्तर होते. त्या अटीनंतर सव्वीस वर्षांनी येथील तीन डॉक्टरांची नावे लॅन्सेटच्या एका लेखावर पहिल्या तीन स्थानी आली : वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया. त्यांच्यामागे चार नावे लंडनची : रूथ सँगर, आर. आर. रेस, डब्ल्यू. टी. जे. मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स. रक्तगटांच्या शास्त्रात त्या काळी याहून मोठी नावे नव्हती. तरी क्रम असा आहे, आणि तो योग्यच आहे. जे दिसले ते परळला दिसले होते. भेंडे यांचे नाव वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना वेगळ्या कारणानेही ठाऊक असते : देवधरे यांच्यासह त्यांनी लिहिलेले विकृतिशास्त्राचे पाठ्यपुस्तक अनेक पिढ्यांनी अभ्यासले.

काय दिसले होते, हे समजण्यासाठी शाळेतला धडा थोडा आठवावा लागेल. व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली दाखवले की माणसांचे रक्त एकजात सारखे नसते. कोणाच्या तांबड्या पेशींवर 'ए' हे द्रव्य, कोणाच्या 'बी', कोणाच्या यांपैकी काहीच नाही. दोन्ही असणारा चौथा गट पुढच्याच वर्षी सापडला. त्यांचा नियम सुंदर आहे. जे द्रव्य आपल्या पेशींवर नाही, त्याच्या विरोधातील प्रतिपिंडे आपल्या रक्तरसात असतात. परक्या पेशी आल्या की ती त्यांच्या गुठळ्या करतात. 'ओ' गटाच्या पेशींवर ए नाही, बीही नाही, म्हणून त्या कोणालाही चालाव्यात, अशी समजूत झाली. पहिल्या महायुद्धात लुडविक आणि हान्ना हिर्शफेल्ड या दांपत्याने सालोनिकाच्या आघाडीवरील नाना देशांच्या सैनिकांची रक्ते तपासली, त्यांत हिंदी शिपाईही होते. हिंदी लोकांत 'बी'चे प्रमाण युरोपीयांपेक्षा पुष्कळ अधिक, हे १९१९ साली लॅन्सेटमध्येच प्रसिद्ध झाले होते. म्हणजे हिंदुस्थानचे रक्त या शास्त्राला अगदीच अनोळखी नव्हते.

परळला जी तीन रक्ते भेटली ती या चौकटीत बसत नव्हती. पेशी पाहाव्यात तर 'ओ'सारख्या : ए नाही, बी नाही. पण रक्तरस 'ओ'च्या पेशींच्याही गुठळ्या करीत होता. ज्या पेशी सर्वांना चालतात असे मानले जाई, त्याच यांना चालत नव्हत्या. नियमाप्रमाणे याचा अर्थ एकच निघतो. 'ओ'च्या पेशी आपण समजतो तशा कोऱ्या नाहीत; त्यांच्यावर काहीतरी आहे, जे इतर सगळ्या माणसांकडे आहे आणि या तिघांकडे नाही.

त्या 'काहीतरी'ला अक्षर आधीच मिळालेले होते. मॉर्गन आणि वॉटकिन्स यांनी १९४८ साली त्याला 'एच' म्हटले होते. पण ज्याच्यापाशी ते मुळीच नाही असा माणूस पुढे आल्याशिवाय त्याचे स्थान कळणे कठीण होते. सर्वत्र असलेली गोष्ट दिसत नाही. ती नसलेली जागा सापडली की दिसते. पुढचा उलगडा १९५९ साली याच दोघांनी मांडला. तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर शर्करांच्या साखळ्या असतात. त्यांच्या टोकाला फ्यूकोज नावाची एक शर्करा जोडली गेली की 'एच' तयार होते. या एचवर आणखी एक विशिष्ट शर्करा बसली की 'ए', दुसरी बसली की 'बी'. काहीच बसले नाही तर एच उघडे राहते, तो 'ओ'. घरगुती भाषेत सांगायचे तर एच ही भिंतीतली खुंटी. तिच्यावर कोणी पगडी अडकवतो, कोणी पागोटे, कोणी तशीच रिकामी ठेवतो. त्या तीन माणसांच्या घरात खुंटीच नव्हती. पगडी असली तरी अडकवणार कोठे?

रिकाम्या खुंट्या सर्वांत जास्त 'ओ'च्या घरी. म्हणून या माणसांना सर्वांत घातक रक्त ते 'ओ'चे. यांच्यातील एचविरोधी प्रतिपिंडे शरीराच्या उष्णतेतही काम करतात आणि चढवलेल्या पेशी फोडून टाकतात. गंमत अशी, गंमत हा शब्द येथे शोभत नसला तरी, की यांच्या स्वतःच्या लाल पेशी ए-बी-ओच्या हिशेबाने कोणालाही देता येतात. देणे सर्वांना शक्य. घेणे मात्र फक्त आपल्यासारख्याकडून.

लॅन्सेटमधील त्या लेखाच्या मथळ्यात एक बारीक खूण आहे, भाषेच्या शिक्षकांना ती सुटत नाही. 'ए-बी-ओ व्यवस्थेशी संबंधित एक नवे रक्तगुणलक्षण' असा काहीसा तो मथळा. पण त्यातल्या 'नवे' या शब्दाभोवती लेखकांनी अवतरणचिन्हे घातली आहेत. रक्त नवे नव्हते. ते कोकणातल्या, घाटावरच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या वाहत होते, आणि त्यामुळे कोणाचे काही बिघडतही नव्हते. हा रोग नव्हे. अशी माणसे जन्मभर धडधाकट राहतात. रक्त चढवण्याची विद्या आली तेव्हाच त्यांच्या शरीरातील ही उणीव 'अवस्था' झाली. एरवी विलक्षण व्याधींचे वृत्तांत निसर्गाची चूक सांगतात. या वृत्तांतात निसर्गाची काही चूक नव्हती, प्रश्न आमच्या उपचाराचा होता. त्या दोन चिन्हांत हे सगळे आहे असे आम्हांस वाटते. कदाचित आम्ही जास्त वाचत असू.

तीनच वर्षांनी, १९५५ साली, फिलिप लिव्हाइन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील एका कुटुंबाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. 'ओ'सारखी दिसणारी आई, आणि तिने मुलीला 'बी' दिलेला. शाळेतल्या धड्याप्रमाणे हे अशक्य. पण आईकडे 'बी'ची पगडी होती, ती पेटीत होती. खुंटी नसल्याने दिसली नव्हती. मुलीला बापाकडून खुंटी मिळाली आणि आजोळची पगडी घरात लागली. एका जनुकाने दुसऱ्याला झाकून ठेवण्याचे हे उदाहरण आता जगभर अनुवंशशास्त्राच्या वर्गात शिकवले जाते. मौज म्हणजे काही पाठ्यपुस्तकांत १९५२ सालच्या मुंबईतील एका स्त्रीची वंशावळ म्हणून ही गोष्ट येते. दोन निरनिराळ्या वृत्तांतांची अशी गाठ पडलेली दिसते. लोककथेचे भटकणे आम्ही एम.ए.च्या वर्गात शिकवतो, तेच येथे पाठ्यपुस्तकांच्या मुद्रणात झाले.

परंतु या प्रकरणाची दुसरी बाजू मौजेची नाही. बाप कागदावर 'ओ' आणि मूल 'एबी', असे निघाल्यावर आपल्या समाजात संशयाची सुई कोणाकडे वळते हे सांगायला नको. रक्तगटाच्या जुन्या न्यायवैद्यक नियमानुसार तो संशय सिद्धच मानला गेला असता. असे पितृत्व अशक्य म्हणण्याआधी एचची तपासणी करावी, हे शहाणपण या दोन लहानशा वृत्तांतांनी दिले. एखाद्या बाईच्या आयुष्याचा त्याच्याशी किती निकटचा संबंध असू शकतो, याची कल्पना वाचकांनीच करावी.

भाटिया यांनी हा विषय पुढे आयुष्यभर धरून ठेवला. १९५७ साली भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने मुंबईत रक्तगट संदर्भ केंद्र काढले, त्याचे काम त्यांच्याकडे आले. तेच केंद्र पुढे वाढून आजची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था झाली. ती केईएमच्याच आवारात आहे. भाटिया आणि साठे यांनी १९७४ साली मुंबईपुरते प्रमाण काढले ते ७,६०० माणसांत एक असे. सबंध भारतासाठी सामान्यतः १०,००० मध्ये एक असा आकडा सांगितला जातो, युरोपात दहा लाखांत एक. भारतात नोंदल्या गेलेल्या अशा व्यक्तींत मोठा वाटा महाराष्ट्राचा आहे.

महाराष्ट्रच का? भाटिया आणि ल. द. संघवी यांच्या १९६२ सालच्या लेखाच्या मथळ्यातच या गटाबरोबर रक्ताच्या नात्यातील विवाहांचा उल्लेख आहे. मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. आपल्याकडे मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क समजला जाई. अनेक जातींत अजूनही पहिली विचारणा तिथेच होते. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या नातेसंस्थेवरील ग्रंथात महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण यांच्यामधला पट्टा म्हटले. उत्तरेत भावंडांतले लग्न निषिद्ध, दक्षिणेत ते इष्ट, आणि आपण दोन्हीकडचे थोडे थोडे घेतलेले. आता थोडे गणित. खुंटी नसण्याचा गुण दिसण्यासाठी तो आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो. दहा हजारांत एक हे प्रमाण धरले तर तो गुण गुप्तपणे वागवणारी माणसे साधारण पन्नासात एक ठरतात. अशी दोन माणसे योगायोगाने एकत्र येणे विरळा. परंतु नवरा-बायको आते-मामे भावंडे असतील तर दोघांनाही एकाच आजा-आजीकडून तो गुण मिळण्याची वाट मोकळी असते, आणि अशा जोडप्याच्या अपत्यात तो प्रकट होण्याची शक्यता ढोबळ हिशेबाने सातपट होते. दोन पानांचा वृत्तांत घेऊन निघालेले संशोधन असे थेट आपल्या लग्नघरात येऊन पोहोचते. कर्वे ज्या रिवाजाचे वर्णन नात्यांच्या शब्दांतून करीत होत्या, त्याचीच दुसरी प्रत परळला परीक्षानळीत निघत होती, आणि तीही एकाच दशकात.

एच घडवणारे जनुक १९९०मध्ये हाती आले. ते एकोणिसाव्या गुणसूत्रावर आहे. भारतीय 'बॉम्बे' व्यक्तींत नेमके काय बिघडलेले असते हे १९९७ साली जपानी संशोधकांनी दाखवले : जनुकाच्या ७२५व्या स्थानी टी या अक्षराच्या जागी जी, आणि त्यामुळे प्रथिनातील २४२वा घटक बदललेला. शिवाय शेजारचे एक जनुक समूळ गळलेले. त्यामुळे या माणसांच्या लाळेतही एच सापडत नाही. हस्तलिखितांच्या संपादनात ज्याला आम्ही पाठभेद म्हणतो तो हाच. एका नकलकाराच्या हातून एक अक्षर चुकले, पुढची ओळ गळाली, आणि त्या पोथीवरून उतरलेल्या सगळ्या पोथ्यांत तोच पाठ राहिला. दोन खुणा बरोबरीने आढळल्या की प्रती एका कुळातल्या समजायच्या, हा आमच्याकडचा नियम जनुकांनाही लागू पडतो. हिंदी महासागरातील रेयुनियन बेटावर भारतीय वंशाच्या लोकांत हा गट सापडतो, आणि त्याच बेटावर फ्रेंच वंशाच्या काही घरांतही एचची उणीव आढळते. पण तिथला पाठभेद वेगळा आहे. म्हणजे कूळ वेगळे.

आता पुन्हा नावांकडे. पुण्याच्या वृत्तांतात रुग्णाला नाव होते आणि करणाऱ्याला नव्हते. परळच्या वृत्तांतात सात लेखकांना नावे आहेत आणि ज्यांच्या रक्तावर हे सगळे उभे आहे त्या तिघांना नाही. रुग्णाची गोपनीयता राखणे हे वैद्यकाचे कर्तव्य, त्याविषयी आमची तक्रार नाही. ते नाव आज कळावे असेही आम्हांस वाटत नाही. पण शोधाला नाव देण्याची वेळ आली तेव्हा ते भेंडे यांचेही पडले नाही. शहराचे पडले. 'बॉम्बे रक्तगट'. शहराने १९९५ साली आपले नाव बदलून घेतले, रक्ताने बदलले नाही, आणि आमच्या मते बदलूही नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली नव्या रोगांना स्थळांची नावे देऊ नयेत असे सुचवले, कारण त्या नावाचा डाग त्या गावावर राहतो. या नावाचा डाग मुंबईवर पडलेला आम्ही पाहिला नाही. उलट मुंबईकर ते सांगताना थोडा ताठ होतो.

रुग्णवृत्तांत लिहिण्याची रीतही मधल्या काळात बदलली. पूर्वी छायाचित्रात डोळ्यांवर काळी पट्टी मारली की काम भागे. आता रुग्णाची लेखी संमती लागते. २०१३ साली रुग्णवृत्तांतांसाठी जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रे ठरली, त्यांत शक्य असेल तेथे रुग्णाचे स्वतःचे म्हणणेही द्यावे असे कलम आहे. करीन्यात जसा वतनदार आपल्या तोंडाने बोलतो तसे. १९५२च्या त्या तिघांना विचारले असते तर त्यांनी काय सांगितले असते? बहुधा एवढेच की आम्हांला काही झालेले नव्हते.

हे सगळे वाचताना आमच्या मनात एक अगदी साधी गोष्ट घोळत होती. आम्ही राईत राहतो. भाईंदर स्थानकातून उत्तनकडे जाताना मुर्धे, राई, मोर्वा अशी गावे लागतात. मिठागरांची, आगरी वस्तीची जुनी गावे, २००२पासून महानगरपालिकेत. येथे आजार हाताबाहेर गेला की 'केईएमला नेले' हे वाक्य आजही ऐकू येते. आते-मामे भावंडांची लग्ने या पट्ट्यात आमच्या ओळखीच्या घरांतही झालेली आहेत. आणि जूनमध्ये प्रवेश घेणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांच्या ओळखपत्रावर रक्तगटाचा एक रकाना असतो. बोटाला टोचून काचपट्टीवर रक्ताचे थेंब घ्यायचे, त्यांत ए, बी आणि ऱ्हीसस तपासणारी द्रव्ये मिसळायची, गुठळ्या झाल्या की नाही पाहायचे. ए आणि बी दोहोंत गुठळी झाली नाही की 'ओ' लिहायचे. 'बॉम्बे' गटाच्या मुलीच्या ओळखपत्रावरही अशा तपासणीने 'ओ'च लिहिले जाईल. तेच पुढे वाहन परवान्यावर, तेच बाळंतपणाच्या कागदावर.

काचपट्टी पेशी पाहते, रक्तरस पाहत नाही. खरा गट उघडा पडतो तो रक्तपेढीत, जिथे पेशी आणि रक्तरस दोन्ही तपासतात. आणि पिशवी देण्याआधी दात्याच्या पेशी आणि रुग्णाचा रक्तरस समोरासमोर आणतात, ज्याला सगळे क्रॉसमॅच म्हणतात. 'ओ' लिहिलेल्या रुग्णाशी एकामागून एक 'ओ'च्या पिशव्या जुळेनाशा झाल्या की जाणता तंत्रज्ञ एच तपासायला घेतो. त्यासाठी युलेक्स नावाच्या एका युरोपीय काटेरी झुडपाच्या बियांचा अर्क वापरतात. ज्या पेशी त्याला दाद देत नाहीत त्या 'बॉम्बे'. धोका आहे तो घाईत, रात्री-अपरात्री, 'ओ आहे, चढवा' म्हणण्यात.

असा गट निघाला की पुढची वाट अरुंद आहे. पिशवीतले रक्त ३५ ते ४२ दिवस टिकते, त्यामुळे साठा करून ठेवणे सोपे नाही. ठरलेली शस्त्रक्रिया असेल तर रुग्णाचेच रक्त आधी काढून ठेवता येते. एरवी दाता शोधावा लागतो. परळच्या त्या संस्थेने दुर्मीळ रक्तगटाच्या दात्यांची देशव्यापी नोंदवही तयार केली आहे. तिच्यातल्या दात्याला फोन जातो आणि तो दुसऱ्या शहरातूनही येतो, कारण उद्या त्याच्यावर वेळ आली तर त्यालाही असेच कोणाला तरी बोलवावे लागणार असते. पण नोंदवही उघडण्याच्याही आधी डॉक्टर रुग्णाला विचारतात तो प्रश्न वेगळा असतो : भाऊ-बहीण किती? एका आईबापांच्या पोटी खुंटी नसलेले एक मूल असेल तर प्रत्येक सख्ख्या भावंडाचा गट तसाच असण्याचा संभव चारात एक.

म्हणून आधी त्यांनाच तपासायला बोलावतात.